कुत्रं खरंच हसतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवरच्या गावांमध्ये पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी बरीच वर्षं गेली. दवाखान्यात लोक गाय आणतात, बैल आणतात, शेळी आणतात. कुत्र्यासाठी म्हणून मुद्दाम क्वचितच कोणी येतं. पण बैलाला लस टोचून झाली, दावं हातात घेतलं, की निघता निघता कोणी तरी हमखास थांबतं. "साहेब, आमचं कुत्रं हासते बरं. खरंच हासते का जी ते?" आणि मोबाइलमधला फोटो पुढे करतं. इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलं, की उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवावीशी वाटली. प्रश्न लोकांचेच आहेत, काही त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत.

कुत्रं खरंच हसतं का?

कुत्र्याला आनंद होतो, यात मला कसलीच शंका नाही. आपण ज्याला त्याचं हसू म्हणतो, ते बहुतेक वेळा सैल सुटलेलं तोंड असतं. जबडा मोकळा, जीभ आरामात बाहेर, ओठांचे कोपरे मागे गेलेले पण कुठेही ताण नाही, डोळे जरा मिटल्यासारखे. संध्याकाळी वावरातून बंडी घराकडे येते आणि कुत्रं बंडीच्या सावलीत, दोन चाकांच्या मधून चालत येतं. तेव्हा त्याचं तोंड बघा. दिवसभर बांधावर बसून ते आता घरी निघालेलं असतं आणि अंगात कुठे आखडलेपण नसतं. त्याला कोणी हसू म्हटलं तर मी अडवणार नाही.

अडचण अशी, की उघडं तोंड उकाड्यानेही दिसतं, भीतीनेही दिसतं आणि आजारानेही. माणूस ओठांकडे बघून दुसऱ्या माणसाचं मन ओळखतो, आणि तीच सवय कुत्र्याला लावतो. कुत्रं मात्र सगळ्या अंगाने बोलतं. चार्ल्स डार्विनने १८७२ साली हे फार नेमकं लिहून ठेवलं होतं: चवताळलेलं कुत्रं ताठ उभं राहतं, शेपूट वर, अंगावरचे केस उभे, नजर रोखलेली, तेच कुत्रं धनी ओळखू आला की अंग खाली घेतं, वळवळतं, कान मागे टाकतं. एका मुद्रेच्या बरोबर उलट दुसरी. म्हणून मी लोकांना सांगतो, आधी अंग बघा, मग शेपूट, मग कान आणि डोळे. तोंड सगळ्यात शेवटी.

मे महिन्यात आमचं कुत्रं दिवसभर हसताना दिसतं. फोटो पाठवू का?

फोटो पाठवू नका, आधी त्याला सावलीत न्या.

एकदा नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत एक पोरगा असाच फोटो घेऊन आला होता. तांबूस रंगाचं गावठी कुत्रं, टिनाच्या सपरीखाली बांधलेलं, तोंड कानापर्यंत फाकलेलं. घरच्यांना ते खूश वाटत होतं. मी फोटो मोठा करून पाहिला. जीभ नेहमीपेक्षा रुंद झाली होती आणि टोकाला पसरट वळली होती. हिरड्या गडद लाल दिसत होत्या, लाळेच्या चिकट तारा लोंबत होत्या. पोराला मागे बसवून गाडी काढली. आम्ही पोचलो तेव्हा कुत्रं उभं राहत नव्हतं. वाचलं ते, पण थोडक्यात वाचलं.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार येतो तो पंजांच्या गाद्यांना. अंगातली उष्णता बाहेर काढायची तर धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बाहेरची हवाच इतकी तापलेली असते, की धापा टाकूनही फारसं भागत नाही. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०६ च्या आसपास गेलं की जिवावर बेततं.

असं दिसलं तर सावली द्या, पोटाला, जांघांना आणि पंजांना साधं पाणी लावा, वारा घाला, थोडं थोडं पाणी प्यायला ठेवा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका. तोंड जबरदस्तीने उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. आणि दवाखाना गाठा. टिनाखाली कुत्रं बांधणं तर मे महिन्यात पूर्णच बंद करा. झाडाखाली बांधा, नाही तर मोकळं सोडा, ते आपली जागा आपण शोधतं. रांजणाखालच्या ओल्या मातीत खड्डा करून पडलेलं कुत्रं पाहिलं की पुष्कळ जण त्याला हाकलतात. तसं करू नका, त्याला त्या वेळी तीच जागा हवी असते.

आमची कुत्री पाहुणे आले की दात दाखवते. चावणार का?

मराठीत दात विचकणे हा एकच शब्द आहे, पण कुत्र्याचं दात दाखवणं दोन प्रकारचं असतं.

धमकीचे दात: नाक वर ओढलेलं, नाकाच्या दोन्ही बाजूंना सुरकुत्या, नजर समोरच्यावर रोखलेली, अंग ताठ, बहुतेक वेळा गुरगुर. जागेवर थांबा, हळू मागे सरका.

दुसरे दात नमतं घेण्याचे. एका घरी चंपी नावाची कुत्री होती. मी फाटकातून आत आलो की ती डोकं खाली घालून, कान मागे चिकटवून, अंगाचा नुसता वेलांट्यासारखा आकार करत यायची आणि वरचा ओठ असा उचलायची की समोरचे सगळे बारीक दात दिसायचे. डोळे बारीक, शेपूट खाली पण भराभर हलणारी. पहिल्या दिवशी तिच्या घरच्या काकाजींनी काठी उचलली होती. मी म्हटलं, "मारू नका, ती रामराम करून राहिली." ही मुद्रा सगळ्याच कुत्र्यांत दिसत नाही, काही कुत्र्यांत आणि काही घराण्यांत जास्त दिसते. डाल्मेशियन जातीत ती प्रसिद्धच आहे. "मी तुझ्या वाटेला जात नाही, तूही जाऊ नको" असा तिचा अर्थ असतो, आणि काही कुत्री पुढे ओळखीच्या माणसाला भेटताना ती सवयीने करतात. माणसाच्या हसण्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट बहुधा हीच. तिच्यावर काठी उगारली तर नमतं घेणारं कुत्रं घाबरून चावू शकतं.

शेपूट हलवते म्हणजे खूश असते ना?

हा समज फार महागात पडतो. शेपूट हलते म्हणजे कुत्र्याच्या मनात काही तरी चाललं आहे, एवढंच. सैल, रुंद, कंबरेसकट हलणारी शेपूट म्हणजे आनंद. उंच, ताठ, टोकाशी बारीक थरथरणारी शेपूट म्हणजे इशारा, अशा कुत्र्याच्या अंगावर हात टाकू नका. पोटाखाली घेतलेली म्हणजे भीती. शेपूट घालणे हा वाक्प्रचार कुत्र्याकडूनच आपल्या भाषेत आला आहे, आणि तो अगदी बरोबर आहे.

इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली ३० कुत्र्यांवर एक बारीक गोष्ट मोजली होती. मालक दिसला की शेपटीचा झोका कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त जायचा, आणि दांडगं अनोळखी कुत्रं दिसलं की डाव्या बाजूला. मेंदूचे दोन भाग वेगवेगळ्या भावना सांभाळतात, त्याचा तो परिणाम मानतात. अंगणात उभं राहून आपल्या डोळ्यांना हा फरक सहज कळणार नाही. कुत्र्यांना मात्र तो कळतो, असं पुढच्या प्रयोगात दिसलं: डाव्या बाजूची हालचाल पाहून दुसऱ्या कुत्र्यांच्या छातीचे ठोके वाढले.

आपण भाकर खाताना कुत्रं असं तोंड करते की आपला घास घशाखाली उतरत नाही. ते मुद्दाम करते का?

भुवईचा आतला कोपरा वर उचलून डोळे मोठे आणि केविलवाणे करतं ना, तेच. त्यासाठी कुत्र्याच्या डोळ्याच्या वर एक बारीक स्नायू असतो. २०१९ साली शास्त्रज्ञांनी कुत्र्यांची आणि लांडग्यांची डोकी चिरून पाहिली, तेव्हा हा स्नायू कुत्र्यांत नीट तयार झालेला दिसला आणि लांडग्यांत त्याच्या जागी जेमतेम काही तंतू सापडले. हजारो वर्षं माणसाच्या सोबत राहताना, ज्या कुत्र्याने असं पाहिलं त्याच्या वाट्याला भाकर जास्त आली असणार, असा त्यांचा तर्क आहे. मला तो पटतो. चुलीपुढे बसलेली माय "जाय तिकडे" म्हणते आणि तेव्हाच हातातली भाकर मोडते, हे दृश्य मी किती घरांत पाहिलं असेल.

मुद्दाम करतं का, याचंही थोडं उत्तर आहे. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात २०१७ साली पाहिलं गेलं, की माणूस कुत्र्याकडे तोंड करून असतो तेव्हा कुत्र्याच्या चेहऱ्याची हालचाल वाढते. समोर नुसतं खाणं ठेवलं तर तेवढ्याने वाढत नाही. म्हणजे चेहरा माणसाला दाखवण्यासाठी हलतो. यात लबाडी मात्र शोधू नये. लेकरू आईकडे बघून रडतं, त्यालाही आपण लबाड म्हणत नाही.

चूक केली की ते ओशाळते. त्याले समजते का चूक?

याचं उत्तर देताना मला माझंच एक प्रकरण आठवतं. घरी एकदा दह्याचं गाडगं फुटलेलं सापडलं. मोत्या तिथेच उभा, कान पडलेले, मान वळवलेली, डोळे चुकवत होता. चेहऱ्यावर कबुली लिहिल्यासारखी दिसली म्हणून मी त्याला दोन फटके दिले. दोन दिवसांनी घरच्यांनी मांजर शिंक्यावर चढताना पाहिली. मोत्या मी ओरडत आलो म्हणून घाबरला होता, गाडग्याशी त्याचा संबंध नव्हता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली नेमका हाच प्रयोग केला. कुत्र्याने खाऊ चोरला की नाही यावर ओशाळलेलं तोंड अवलंबून नव्हतं, मालक रागावला की नाही यावर होतं. उलट काहीच न केलेली कुत्री रागावल्यावर जास्त ओशाळलेली दिसली. म्हणून सकाळच्या गोष्टीसाठी संध्याकाळी मारू नका. कुत्रं एवढंच शिकतं की तुम्ही घरी आलात की मार बसतो.

आपला चेहरा त्याला वाचता येतो का?

येतो. व्हिएन्नामध्ये २०१५ साली कुत्र्यांना माणसांच्या चेहऱ्याचा अर्धाच भाग दाखवून हसरा आणि रागावलेला चेहरा ओळखायला शिकवलं, तर नवीन चेहऱ्यांवरही त्यांनी ते ओळखून दाखवलं. त्याच वर्षी जपानमध्ये दिसलं, की कुत्रं आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. हे तेच संप्रेरक, जे आईच्या अंगात लेकराला पाजताना वाढतं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसं झालं नाही. हा अनुभव फक्त आपल्या कुत्र्यापुरता खरा. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून बघणं म्हणजे त्याला आव्हान देणं.

लेकरं कुत्र्याच्या गळ्यात पडतात. चालते का?

या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे चूक झाली की टाके पडतात.

सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत चार वर्षांच्या एका पोरीला घरच्याच कुत्र्याने भुवईपाशी फोडलं. तिच्या आजीचं म्हणणं एकच: "काहीच नाही केलं जी तिनं, एकदमच चावलं." मी आजीजवळ बसून हळूहळू विचारलं. पोरीने गळ्यात हात टाकले तेव्हा कुत्रं काय करत होतं? तोंड फिरवलं. मग? जीभ नाकावरून फिरवली, दोन-तीनदा. मग? जांभई दिली, "झोप आली असन." मग? मग नुसतं थांबलं. डोळे? "पांढरे दिसले." आजीने सगळं पाहिलं होतं, फक्त त्याचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता. तोंड फिरवणं, भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं, आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे अंग एकदम थिजणं: कुत्रं पाच वेळा "सोड" म्हणालं होतं.

गुरगुरलं का नाही, हेही मी विचारलं. तर मागे कधी तरी गुरगुरलं म्हणून घरच्यांनी त्याला चांगलंच बडवलं होतं. गुरगुरणं मारून बंद केलं की भीती आत तशीच राहते आणि इशारा तेवढा जातो. कुत्रं गुरगुरलं तर लेकराला बाजूला घ्या, कुत्र्याला मारू नका.

लेकरांना शिकवायच्या गोष्टी थोड्याच. खाताना, झोपलेलं असताना आणि पिल्लांजवळ असताना कुत्र्याला हात लावायचा नाही. गळ्यात पडायचं नाही, छातीवर किंवा मानेच्या बाजूला खाजवायचं. कुत्रं उठून गेलं तर मागे जायचं नाही.

आणि चावलंच तर, घरचं असो की गावचं: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद काहीही भरू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लस त्याच दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी, एकही चुकवायची नाही. जखमेतून रक्त आलं असेल किंवा ती चेहऱ्यावर असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावं लागतं, ते मागून घ्या. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

भुंकणारं कुत्रं चावत नाही म्हणतात.

म्हण म्हणून ठीक आहे, कुत्र्याला ती ठाऊक नाही. भुंकणारी कुत्रीही चावतात.

जबडा लोंबतो, लाळ गळते, हाड अडकल्यासारखं वाटतं. काढून द्यावं का?

हात घालू नका. तोंड सतत उघडं, जबडा खाली पडलेला, आवाज बसलेला किंवा बदललेला, गिळता येत नाही, चाल अडखळते, ओळखीच्या माणसालाही ओळख देत नाही: हा रेबीज असू शकतो. पिसाळलेलं कुत्रं नेहमी धावून येतं असं नाही, काही कोपऱ्यात गप्प पडून राहतात आणि माणूस दयेने हाड काढायला जातो. लाळेतूनच हा रोग पसरतो. माणसं आणि जनावरं लांब ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, १९६२ या क्रमांकावर फोन करा. आपल्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर लस द्या आणि पुढचे डोस डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखांना चुकवू नका.

रात्री कुत्रं रडलं की गावात कोणी जाते म्हणतात. खरं का?

त्या रडण्याचा आणि यमदूताचा संबंध नाही. लांबच्या सोबत्यांना हाक देण्याची कुत्र्याची ती जुनी रीत आहे. एकाने सूर लावला की वेशीपर्यंतची कुत्री साथ देतात. पिल्लं हरवलेली कुत्री तशी रडते, एकटं बांधलेलं कुत्रं रडतं, दुखणाईत रडतं. ज्या घरी माणूस शेवटच्या दुखण्यात असतो तिथे रात्रभर दिवा असतो, नवीन माणसं येतात-जातात, आणि कुत्र्याला भाकर टाकायचं कोणाच्या ध्यानात राहत नाही. ते रडतं यात नवल काय? कुत्रं रडलं आणि काहीच झालं नाही अशा रात्री आपण मोजत नाही. त्याला दगड मारण्याआधी उठून बघा, कुठे अडकलं आहे का, तहानलेलं आहे का.

टिपेश्वर किंवा बोरच्या जंगलाजवळच्या गावांत मला रडण्यापेक्षा कुत्र्यांची अचानक शांतता जास्त बोलकी वाटते. बिबट्या कुत्री उचलतो. भुंकणारी कुत्री एकदम घरात, बाजेखाली शिरली तर लेकरांना अंगणात जाऊ देऊ नका.

डोळ्यांतल्या पाण्याचंही लोक विचारतात. २०२२ साली जपानमध्ये मोजलं गेलं, की बराच वेळ दूर असलेला मालक परत भेटला की कुत्र्याच्या डोळ्यांत पाणी वाढतं. ते गालावरून ओघळत नाही. सतत ओघळत असेल तर तो डोळ्याचा आजार आहे, दाखवून घ्या.

गावच्या मोकाट कुत्र्यांनाही असं सगळं असतं का?

अगदी सगळं. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास केला आहे. त्यांना दिसलं, की अनोळखी माणसावर विश्वास बसायला पुन्हा पुन्हा दिलेल्या खाण्यापेक्षा पुन्हा पुन्हा फिरवलेला हात जास्त कामाला येतो. कोणी न शिकवताही ही कुत्री माणसाचा इशारा ओळखतात. बसथांब्यावरचं कुत्रं तुम्ही वाकलात की पळतं, कारण आजवर वाकलेल्या माणसाने दगडच उचलला आहे.

पिल्लाचे कान कापले की कुत्रं तिखट होते म्हणतात.

होत नाही. वेदना होते, जखम चिघळते, आणि ज्या कानांनी ते भीती, लाड, सावधपणा सांगतं ते कान कायमचे जातात. मग दुसऱ्या कुत्र्यांनाही ते नीट वाचता येत नाही. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला भूल असताना पाडलेली लहान खाच ही ओळखीची खूण असते, ती वेगळी गोष्ट.

धनी गेल्यावर कुत्रं दुःख करतं का?

जपानमधल्या हाचिको कुत्र्याची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. मालक १९२५ साली वारला आणि हाचिको १९३५ पर्यंत, स्वतः मरेपर्यंत, शिबुया स्टेशनवर येत राहिला. इतक्या लांब जायची गरज नाही. आमच्याकडे रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, पीक ठेवत नाहीत म्हणून रात्री जागलीला जावं लागतं. एक आबाजी वर्षानुवर्षं तुरीच्या वावरात मचाणावर झोपायचे आणि खाली त्यांचं काळं कुत्रं. आबाजी पावसाळ्यात गेले. कुत्रं रोज दिवे लागणीला घरून निघायचं, मचाणाखाली बसायचं आणि सकाळी परत यायचं. भाकर अर्धी टाकायचं. घरच्यांनी मला विचारलं, काय औषध द्यावं?

आधी तपासलं, कारण खाणं सोडण्याला गोचीड ताप, जंत अशी दुसरी कारणंही असतात. तसं काही नव्हतं. मग सांगितलं, रोजची वेळ मोडू नका, भाकर त्याच वेळेला, शक्यतो एकाच माणसाच्या हातून द्या, आणि त्याला वावरात जाण्यापासून अडवू नका. आबाजींचा नातू जागलीला जायला लागला. पहिले काही दिवस कुत्रं त्याच्याकडे बघायचं आणि तोंड वळवून वाटेकडे बघत बसायचं. पऱ्हाटी (कापूस) वेचायला आली त्या सुमारास मी त्या बाजूला गेलो होतो. पोरगा कंदील घेऊन धुऱ्यावरून येत होता आणि कुत्रं मचाण सोडून अर्ध्या वाटेपर्यंत त्याला घ्यायला गेलं. तोंड मिटलेलंच होतं. शेपूट मात्र कंबरेसकट हलत होती.